धागा: घरात म्हातारं माणूस आणि तान्हं बाळ – पावसाळ्यातलं आजारपण वेळेत कसं ओळखायचं?

माजघर (देवगड तालुका)

मृग लागला. विहिरींचं पाणी गढूळ व्हायला लागलंय, माश्या वाढल्यात, आणि वाडीत काही घरांत जुलाब-उलट्या सुरूही झाल्यात. आमच्या घरात ८१ वर्षांच्या सासूबाई आणि पाच महिन्यांची पुतणी एकाच छपराखाली आहेत. म्हणून हा धागा काढतेय.

कर्ती माणसं आजारी पडली की सांगतात, कण्हतात, रिक्षा बोलावून दवाखाना गाठतात. ही दोघं तसं काही करत नाहीत. बाळ थोडं आजारी असताना किरकिर करतं, पण जास्त आजारी झालं की रडायचंही थांबतं, आणि घरातल्यांना वाटतं 'आता निजलं बिचारं'. म्हाताऱ्या माणसाला आजार आतून पोखरत असला तरी कधी कधी ताप चढतच नाही. ते नुसतं पडून राहतं, जेवायला नको म्हणतं, आणि आपण म्हणतो 'वय झालं'. दोन्हीकडे शांतता दिसली की घर निर्धास्त होतं. मला त्या शांततेचीच भीती वाटते.

मी दोघींच्या बाबतीत तीन गोष्टी बघते: लघवी किती वेळा आणि कशी झाली, दूध किंवा पेज नेहमीसारखी पोटात गेली का, आणि हाक मारल्यावर जाग नेहमीसारखी येते का. यातली एक जरी बिघडली तरी मी थांबत नाही. यापलीकडे काय बघावं, कोणते घरगुती उपाय ठेवावेत आणि कोणते सोडावेत, हे इथल्या अनुभवी लोकांनी लिहावं. नेटवरच्या याद्या नकोत. आपल्याकडे रात्री लाईट गेलेली असते, फोनला रेंज नसते, दवाखाना घाटीपलीकडे असतो. ते धरून सांगा.

वाडीतली_सिस्टर

माजघर, तुम्ही बघता त्या तीन गोष्टी बरोबर आहेत. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झाले, त्यामुळे पावसाळ्यातले जुलाब म्हणजे काय ते जवळून पाहिलंय. जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळे. आणि ते सगळ्यात लवकर संपतं या दोघांचंच. बाळाच्या अंगात वजनाच्या मानाने पाणी जास्त असतं, पण ते झपाट्याने बाहेर जातं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात मुळात पाण्याचा साठा कमी, तहानेची जाणीव बोथट झालेली, मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवणं जमत नाही, आणि वर बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. तहान लागली नाही म्हणून ते पाणी मागत नाहीत, आणि मागितलं नाही म्हणून आपण देत नाही.

बाळाचं बघताना: आजारपणात डायपर काढून सुती लंगोट बांधा. डायपरमध्ये लघवी झाली की नाही तेच कळत नाही. चांगलं दूध पिणारं बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला साधारण सहा किंवा जास्त लंगोट ओले करतं. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडताना पाणी येत नाही, अंग सैल पडलं, तर उपाय करत बसू नका, निघा.

म्हाताऱ्यांचं बघताना: कातडी चिमटीत धरून बघायची रीत त्यांच्यात फसवते, कारण कातडी आधीच सैल असते. जीभ बघा, काख कोरडी आहे का बघा, लघवी गडद चहासारखी झाली का विचारा. आणि उभं राहताना अंधारी येते का ते विचारा. घरात बीपीचं मशीन असेल तर आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत एकदा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर पडण्याचा धोका आहे. पावसाळ्यात न्हाणीघर लांब, खळं शेवाळलेलं, आणि रात्री उठून जायची सवय. खुब्याचं हाड मोडण्याची गोष्ट पुष्कळदा जुलाबापासूनच सुरू झालेली असते.

खाडीपलीकडे

माझी मुलगी दोन महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. दिवसात सात-आठ वेळा शी होते, पातळ, पिवळी. सासूबाई म्हणतात जुलाब आहेत, पाणी पाज. काय करू?

बाळरोग_दापोली

ताई, बाळ अंगावर पीत असेल, वजन वाढत असेल, लंगोट ओले होत असतील आणि शी पहिल्यापासूनच अशी असेल, तर ते जुलाब नाहीत. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पिवळी, कधी दाणेदार असते. दर पाजण्यानंतर झाली तरी चालते. जुलाब म्हणजे नेहमीपेक्षा बदल: अचानक जास्त वेळा, पाण्यासारखी, रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग असलेली.

आणि पाणी पाजू नका. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, मे महिन्याच्या उकाड्यातही. दुधात लागतं तेवढं पाणी असतं. वरचं पाणी दिलं की बाळाचं पोट त्यानेच भरतं, दूध कमी होतं, आणि विहिरीतलं जे काही असेल ते थेट पोटात जातं. सासूबाईंना सांगताना त्या काळजीनेच म्हणताहेत हे आधी कबूल करा, मग सांगा. सोपं जातं.

मूळ धाग्याला जोडून काही लिहितो. दोन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही. लगेच डॉक्टर, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. इतक्या लहान बाळात संसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही. उलट अंग गार पडणं हेही तितकंच वाईट लक्षण आहे, आणि ते लोकांना माहीत नसतं.

श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पोट उघडं करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर न्यूमोनियाची शंका धरून निघायचं. याला उपकरण लागत नाही, रेंज लागत नाही.

आबोली

माजे बाये, माका येवढा शास्त्र कळना नाय. पण आमच्या घरात कोणाचा पोट बिघडला काय आवस आधी पेज चढवी. उकड्या तांदळाची पेज, वायच मीठ घालून. निवळ वाटयेत काढून चमच्यान पाजी. म्हातारपणात दात नसतत, भूक नसता, पण पेज नको असा कोण म्हणना नाय. वांगडाक कोकमाची तिवळ, नारळाचो रस घालूचो नाय. आणि शहाळा.

वाडीतली_सिस्टर

आबोलीताई, तुमच्या आईचं बरोबर होतं. भाताच्या पाण्यात मीठ घालून देणं याला वैद्यकातही आधार आहे. पिठूळ पदार्थातून साखर हळूहळू सुटते आणि ती मिठाला आतड्यातून आत घेऊन जाते. मीठ विसरलं तर मात्र निम्मा उपयोग गेला. म्हाताऱ्या माणसांना आणि सहा महिन्यांवरच्या मुलांना पेज बिनधास्त. सहा महिन्यांखाली नाही.

शहाळ्याबद्दल जरा वेगळं सांगते, कारण आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. जुलाबात जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून शहाळं चवीला द्या, पण ओआरएसऐवजी (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याऐवजी) नको. ज्यांचं मूत्रपिंड अशक्त आहे किंवा ज्यांना पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना दिवसाला तीन-चार शहाळी पाजणं धोक्याचं आहे. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

ओआरएसचं पाकीट नीट वाचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ इतकं वाढतं की बाळाला त्यानेच अपाय होतो, आणि 'थोडं थोडं लागेल तसं' म्हणून चिमूटभर टाकलं तर उपयोग शून्य. अख्खं पाकीट, पाकिटावर लिहिलेलं मोजून पाणी, पाणी उकळून गार केलेलं. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. त्याहून जास्त मीठ नको.

दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर अंगावर पाजत राहा आणि त्याच दिवशी दाखवा. मोठ्यांना दर जुलाबामागे पेलाभर. सोबत मुलांना झिंक १४ दिवस: दोन ते सहा महिने १० मिग्रॅ, त्यावर २० मिग्रॅ. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी झिंक बंद करतात, तसं करू नका. उरलेले दिवस आतडं सावरायला लागतात. दोन्ही गोष्टी आशाताईंकडे मोफत मिळतात.

पाणंद

दुकानात फळांच्या स्वादाचे डबे मिळतात ते चालतील का? बाळ पाकिटाचं पाणी थुंकतं.

बाळरोग_दापोली

नाही. त्यातल्या कित्येकांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. याच कारणाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असलेलंच घ्या. चव नको असेल तर गार करून द्या, चमच्याऐवजी ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज घेऊन गालाच्या आत थेंब थेंब सोडा.

हे पाकीट मला फार मोलाचं वाटतं म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तिथे पाजणारे हात आई-बापांचे होते, शिकलेल्या नर्सचे नव्हते. म्हणून मी प्रत्येक घराला सांगतो, हे तुम्हाला येतं.

कुळागर

आईला मधुमेह आहे. ओआरएसमध्ये साखर असते ना?

वाडीतली_सिस्टर

एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते गोडीसाठी नसून मीठ आत ओढून घेण्यासाठी असतं, ते काढलं तर नुसतं खारट पाणी उरतं. जुलाब चालू असताना मधुमेहींनाही द्यायचं. त्यांचा खरा धोका उलट्या बाजूला आहे: जेवण गेलं नाही आणि साखरेची गोळी नेहमीसारखी दिली. विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी, आणि त्यात मूत्रपिंड अशक्त असेल तर साखर उतरते आणि कित्येक तास उतरलेलीच राहते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल.

जुलाब-उलट्यांच्या दिवसांत मधुमेहाच्या, बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांपैकी कोणत्या थांबवायच्या, हे आईच्या डॉक्टरांना आजच, आई धडधाकट असतानाच विचारून ठेवा. आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना किती पाणी चालेल तेही.

चाकरमानी_डोंबिवली

माझे वडील ७६ वर्षांचे, गावी एकटे असतात. गेल्या वर्षी मे अखेरीस फोनवर बोलताना त्यांनी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. मग म्हणाले, 'गुरं सोडायची राहिली.' आमच्याकडे गुरं असून वर्षं लोटली. शेजाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले दोन दिवस असंच चाललंय, रात्री उठून खळ्यात फिरतात, कुणीतरी बाहेरचं म्हणालं, देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलंय. मी म्हटलं गाऱ्हाणं नक्की घाला, पण गाडी आत्ता काढा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. रक्तात सोडियम फार कमी निघालं. बीपीच्या गोळीने लघवीवाटे मीठ जात होतं, उकाड्यात घामाने जात होतं, आणि एकटे असल्यामुळे जेवण म्हणजे चहा-बिस्किटं. पाणी मात्र खूप पीत होते, कारण कुणीतरी सांगितलं होतं उन्हाळ्यात पाणी प्यावं. काही दिवसांत पूर्ण पहिल्यासारखे झाले, शेजाऱ्यांना नावानिशी ओळखायला लागले.

तेव्हापासून रोजच्या फोनवर 'बरं आहे ना' विचारत नाही. 'बरं आहे' हे उत्तर ठरलेलंच असतं. आज जेवायला काय केलं, आज वार कोणता, पेपरात काय आलंय, कोण येऊन गेलं, असं विचारतो. उत्तरं तुटक आली की शेजारच्या वहिनींना जाऊन बघायला सांगतो.

फिजिशियन_तळकोकण

डोंबिवलीकर, तुमची पोस्ट प्रत्येक चाकरमान्याने वाचावी. म्हातारं माणूस काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत असंबद्ध बोलू लागलं, आपण ज्याला वातात गेलं म्हणतो, तर ते म्हातारचळ नसतं. विसराळूपणाचा आजार महिन्या-वर्षांत वाढतो. अचानक आलेला भ्रम हा अंगातल्या दुसऱ्या कशाचा तरी निरोप असतो: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम किंवा साखर कमी होणं, तुंबलेली लघवी, नवीन सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, मेंदूला मार. ताप आणि खोकला नसलेला न्यूमोनिया मी म्हाताऱ्यांमध्ये पुष्कळदा बघतो. बाहेरून दिसतं ते एवढंच: कालपर्यंत चालणारा माणूस आज उठत नाही. यातली बहुतेक कारणं बरी होणारी आहेत, म्हणून तर वेळ महत्त्वाची.

काही वेळा माणूस बडबडत नाही, उलट गप्प होतो, दिवसभर झोपतो. तोही भ्रमाचाच प्रकार, आणि तोच जास्त निसटतो, कारण त्याचा घराला त्रास होत नाही. माजघरताईंनी शांततेबद्दल लिहिलंय ते इथे तंतोतंत लागू पडतं.

जुलाबांबद्दल एक राहिलं. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं पातळ होतंय, कपडे खराब होताहेत, तर आधी विचारा की नीट शौचाला कधी झालं होतं. मोठ्या आतड्याच्या शेवटाला, गुदद्वाराच्या वर, कडक खडा अडकतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो. दिसायला जुलाब, मुळात बद्धकोष्ठ. अशात जुलाब बंद करणारी गोळी दिली की अडलेलं आणखी अडतं. लघवीही तुंबू शकते. त्या गोळ्या दुकानातून आणून म्हाताऱ्यांना स्वतःहून देऊ नका, आणि बाळांना तर कधीच नाही.

तोंड वाकडं, एक हात लुळा किंवा बोलणं जड अचानक झालं तर तो पक्षाघात धरा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. म्हणून जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच थेट न्या. सिंधुदुर्गातून पुष्कळ रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तो रस्ता आणि साडेचार तास यांचा हिशेब आजच करून ठेवा. 'सकाळी बघू' म्हणण्यात तो वेळ निघून जातो.

सुरंगी

मी ७२ वर्षांची. माझी चारही मुलं बाळगुटीवर वाढली, नातवंडंही. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ, बदाम, खारीक सहाणेवर दोन-दोन वेढे उगाळून मधातून चाटवायचं. आताचे डॉक्टर आल्या आल्या ते बंद करायला सांगतात. एवढ्या पिढ्या चुकल्या का?

बाळरोग_दापोली

आजी, तुम्ही चुकलात असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या काळात दवाखाना दिवसभराच्या चालीवर होता, तेव्हा तुम्ही रोज मांडीवर घेऊन, नीट बघून बाळाला चाटवत होता. त्या बघण्यातच अर्धं आरोग्य होतं. माझी अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली मध. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ सैल पडतं, चोखणं बंद होतं, श्वास अडतो. म्हणून एक वर्षापर्यंत मध अजिबात नाही. दुसरी जायफळ. दोन वेढ्यांचे चार झाले की बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ आणि आजारी बाळ यांत फरक करणं मलाही कठीण जातं. तिसरी सहाण. पावसाळ्यात ओली राहते, फडक्याने पुसली जाते, त्यावर माशी बसते. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात बाहेरचं काही जाण्याची ती वाट आहे.

तुमच्या पद्धतीतलं ठेवावं असंही पुष्कळ आहे. खोबरेल तेलाने हलक्या हाताने अंग चोळणं उत्तम. मात्र नाका-कानात तेल सोडू नका, नाकातलं तेल फुफ्फुसात उतरतं. बाळंतिणीला आणि बाळाला धुरी दाखवणं सोडा, कोंदट खोलीतला धूर एवढ्याशा फुफ्फुसांना सोसत नाही. मीठ-मोहऱ्या जरूर ओवाळा, फक्त निखारा बाळापासून लांब.

सुरंगी

मधाचं मला ठाऊक नव्हतं, हे कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. सुनेला आज वाचून दाखवते. तेल मात्र मीच लावणार.

माजघर (देवगड तालुका)

सुरंगीकाकू, तेल तुम्हीच लावा. रोज अंगावरून हात फिरवणाऱ्या आजीलाच पहिलं कळतं की आज अंग सैल लागतंय, आज टाळू खोल आहे. डॉक्टर, याच्याशी जोडून विचारते: तापाचं औषध घरात कोणतं ठेवावं?

बाळरोग_दापोली

पॅरासिटामोल, आणि मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून लिहून घेतलेली. साधारण किलोला १५ मिग्रॅ, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. गोंधळ होतो तो बाटलीचा. बाळाच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. मोठ्या मुलाचं सिरप समजून ड्रॉप्स चमचाभर पाजले तर मात्रा कितीतरी पट होते. बाटलीवर जाड पेनाने बाळाचं नाव आणि किती मिली ते लिहून ठेवा. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाही. आणि पावसाळ्यात डेंगीची शंका असताना कुणालाच अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

लसही बघा. जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लस ६, १०, १४ आठवड्यांना तोंडातून थेंबांनी मोफत मिळते. लावणीच्या गडबडीत उपकेंद्राचा लसीकरणाचा दिवस चुकतो आणि मग राहूनच जातं.

भातखाचर

लावणीचा विषय निघालाच आहे तर: आमच्याकडे सत्तरीतली माणसंही चिखलात उतरतात, थांबवून थांबत नाहीत. पायाला चिरा असतात, खाचरात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, लघवी कमी होणं, असं दिसलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून होणारा ताप). 'चिखलात काम केलंय' हे डॉक्टरांना न विचारता आधी सांगा. जोखमीच्या गावांत आरोग्य खातं आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतं. त्या घ्या, जेवल्यावर भरपूर पाण्यासोबत, आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. गोळ्या मोठ्यांच्याच, घरातल्या पोरांना वाटून देऊ नका.

आणि ग्रामपंचायतीच्या मागे लागून विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या. टाकली तरी बाळासाठी आणि म्हाताऱ्यांसाठी पाणी खळखळ उकळलेलंच.

पाणंद

७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांसाठी. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. आधार लागतं. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत, वेळ जातो, म्हणून आजारपणाच्या आधी काढून ठेवा.

वाडीतली_सिस्टर

एका गोष्टीवर मी फार वर्षं चिडत आलेय, ती लिहून टाकते. १०८ ला फोन लागतो, गाडी निघते, आणि वाडीत घर सापडत नाही. 'वडाच्या झाडाकडून आत' असं सांगितलं जातं, आणि पावसात, काळोखात चालकाला वड दिसत नाही. फोनवर गावाचं नाव, तालुका, जवळची शाळा किंवा एसटीचा थांबा सांगा. एका माणसाला बॅटरी घेऊन डांबरी रस्त्याच्या तोंडाशी उभं करा. पाणंदीतून गाडी येत नसेल तर आजींना खुर्चीत बसवून तिथवर आणायला दोघे जण तयार ठेवा. वर्षाखालच्या आजारी बाळासाठी आणि बाळंतिणीसाठी १०२ ची गाडीही येते. घरात रेंज नसेल तर कोणत्या वळणावर येते ते घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असू द्या.

निघताना बाळाचं लसीचं कार्ड, आजींच्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट, कालवलेलं ओआरएस आणि चमचा सोबत घ्या. रस्ताभर पाजत राहा, बाळ असेल तर अंगावरही पाजत राहा. जिल्ह्याला पोचायला तास-दीड तास लागतो, तेवढ्या वेळात बरंच पाणी पोटात जातं.

माजघर (देवगड तालुका)

सिस्टर, रेंजचं वळण आमच्याकडे चिऱ्याच्या खाणीजवळ आहे, पोरांना दाखवून ठेवते. आशाताई परवा येणार आहेत, त्यांच्याकडून ओआरएस आणि झिंक घेऊन ठेवते, आणि पुतणीचे १४ आठवड्यांचे थेंब राहिलेत का तेही कार्डावर बघते. सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उद्या डॉक्टरांकडे जातेय. लघवीची गोळी त्यात आहे, ती जुलाबात थांबवायची का ते विचारून इथे लिहिते.